शनिवारचं तेल

शॉनेटने टेबलावर कागदी पिशवी ठेवली तेव्हा आवाज तसा एवढासाच झाला, कुणी बाजारातून कांदे आणून ठेवावेत तसा. पण थर्मन पेटवेच्या हातातली कॉफी हिंदकळली आणि मनगटावर सांडली. पिशवीत काय आहे हे त्याला कुणी सांगायला नको होतं. जन्मभर त्याने गणवेश शिवण्याच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त केली होती, आणि कारखाना सुटल्यापासून चर्चमधल्या निम्म्याअधिक पुरुषांची पिस्तुलं याच टेबलावर साफ होऊन गेली होती. लोखंड लाकडावर टेकतं तेव्हाचा आवाज तो झोपेतही ओळखला असता.

"बाबांचं," शॉनेट म्हणाली. "काल पोलिसांनी परत दिलं. सही घेतली आणि दिलं. लाँड्रीतून कपडे देतात ना, तसं."

"गोळ्या?"

"वेगळ्या पाकिटात. रिकामं आहे म्हणाले. पण तुम्ही बघून घ्यालच. कुणाच्या सांगण्यावर कधी विसंबलाय तुम्ही, काका?"

ती हसली, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. खुर्चीत बसली तीसुद्धा अर्धीच, उठायच्या बेतात असल्यासारखी. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत घसरत होतं आणि ती ते पुनःपुन्हा खाली ओढत होती. शाळेची बस चालवणारी ही पोरगी. चाळीस मुलांना एका हाकेत गप्प करणारी. तिचे खांदे असे कधी पडले, थर्मनला कळेना.

"साफ करून द्या," ती म्हणाली. "उद्या चर्चला येताना आणा. मला हवंय ते."

"तुला कशाला गं?"

"मग काय ठेवू बाबांचं? टोप्या आहेत. टोप्यांना त्यांच्या डोक्याचा वास येतो, कपाट उघडवत नाही मला. आणि एकटी असते मी त्या घरात. घर बोलतं, काका. संध्याकाळी जिन्यावर कुणी खाकरल्यासारखं होतं. मी दिवे लावून बसते."

"कामावर जातेस ना?"

"सुट्टी टाकलीय."

"जेवतेस का?"

"सगळे हेच विचारतात." ती उठली. दाराशी जाऊन वळली. "बाबा म्हणायचे, थर्मनचा हात लागला की वस्तू नवी होते. आणि थर्मनकडे दिलं की वाट बघावी लागत नाही."

जाळीचं दार आपटलं. बाहेर तिची गाडी चालू व्हायला वेळ लागला. ती नुसतीच बसून होती बहुतेक, स्टिअरिंगवर हात ठेवून. मग गाडी गेली. थर्मन मनगटावरची कॉफी पुसायची विसरून त्या पिशवीकडे बघत राहिला.

शनिवारची दुपार ही तशी त्याच्या आवडीची. रेडिओवर कुणाचा ना कुणाचा उपदेश लावायचा, तोही जुन्या पद्धतीचा, जो बोलण्यातून सुरू होतो आणि गाण्यात जातो. पाळक आधी साधं बोलतो, घरातलं, बाजारातलं. मग त्याच्या शब्दांना हळूहळू सूर धरू लागतो, ऑर्गनवाला मागून एकेक ओळ उचलतो, बाया उठून उभ्या राहतात, आणि दूध कुठल्या क्षणी उतू गेलं हे जसं सांगता येत नाही तसं बोलणं कुठे संपलं आणि गाणं कुठे सुरू झालं हे सांगता येत नाही. थर्मनचा देवावर विश्वास होता तो आईमुळे, पण देवावर प्रेम बसलं ते या गाण्यामुळे. त्या गाण्यात हात चालायचे त्याचे. टेबलावर जुना टॉवेल पसरायचा. जुन्या बनियनचे चौकोनी तुकडे. दात घासायचा झिजलेला ब्रश. शिवणयंत्राच्या तेलाची निमुळत्या तोंडाची कुपी, कारखान्यातली. स्वतःचं पिस्तूल कमरेवरून काढायचं, मॅगझिन खाली, नळीचं तोंड भिंतीकडे, वरचा भाग मागे ओढून आत बघायचं, मग डोळ्यांवर भरवसा न ठेवता करंगळी घालून बघायचं. मग सुटं करायचं. छोटं पिस्तूल अंगालगत राहतं, त्यामुळे माणसाचं सगळं त्याला लागतं. घाम लागतो, पावडर लागते, शर्टाच्या आतला कापूस खाचांत जाऊन बसतो, ज्या अंगाला कमर असते त्या अंगाला बारीक तांबूस गंज धरतो. कुणाचं पिस्तूल उघडलं की तो माणूस आठवडाभर कसा राहिला हे थर्मनला कळायचं. हॉइट सिम्सच्या पिस्तुलात बिस्किटांचा चुरा निघायचा. "अरे जाड्या," थर्मन त्याला म्हणायचा, "शत्रू आला तर त्याला खाऊ घालणार आहेस का?" आणि हॉइट आपलं पोट हलवत म्हणायचा, "प्रभूने शत्रूवर प्रेम करायला सांगितलंय, म्हाताऱ्या."

हॉइट, लेव्हॉन आणि थर्मन. रविवारी चर्चच्या दाराशी पहाऱ्याची पाळी असायची तिघांची. कोटाच्या आत पिस्तूल, ओठांवर हसू, हातात त्या दिवसाच्या उपासनेचं पत्रक. देवाच्या दारात असं उभं राहायचं याचं नवल वाटेनासं होऊन बरीच वर्षं झाली होती. दुसऱ्या गावांतल्या चर्चमध्ये गोळीबार झाले तसं मेम्फिसमध्ये आपल्या दारी काही होऊ नये, एवढंच. शॉनेटच्या बापाला, लेव्हॉन मॅब्रीला, आणखी एक काम होतं. उपदेशाच्या आधी तो पुढे जायचा, पुस्तकाशिवाय, वाद्याशिवाय, आणि जुन्या गीताची एक ओळ झपाट्याने म्हणून टाकायचा. मग सगळी मंडळी ती ओळ उचलायची आणि लांबवायची, इतकी लांबवायची की एकेका अक्षरात माणूस रडून घ्यावा. त्याच्या आजोबांनी असं केलं होतं, त्यांच्याही आधी कुणी केलं होतं, गुलामीच्या काळात, जेव्हा या लोकांजवळ पुस्तकं नव्हती आणि असली तरी वाचायची बंदी होती. एरवी बोलताना लेव्हॉन अडखळायचा. गाताना कधीच नाही.

थर्मनने पिशवी उघडली. रेडिओ लावला नाही. पिस्तूल बाहेर काढलं, भिंतीकडे तोंड केलं, बघितलं, करंगळीने बघितलं. रिकामं होतं. वरचा भाग सरकवून काढला आणि तो थांबला. आतल्या पट्ट्यांवर तेल होतं. पातळ, एकसारखं, जिथे हवं तिथेच. पोलिसांकडे इतके दिवस पडून त्यावर धूळ बसली होती, पण धुळीखाली हात थर्मनचाच होता. तेल घालायची प्रत्येकाची एक तऱ्हा असते, अक्षरासारखी. खाचांत कापूस नव्हता. चुरा नव्हता. हे पिस्तूल त्याने दिल्यापासून जेमतेम एका रविवारी कमरेला लागलं होतं.

त्याने वरचा भाग उजेडात फिरवला, आणि तो ठिपका दिसला. नेम धरायच्या पुढच्या खुंटीवर, तांबूस नारिंगी, तिळाएवढा. त्याच्या बायकोच्या, मेव्हिसच्या, नेलपॉलिशचा. मेव्हिस जाऊन सहा वर्षं झाली होती, पण तिची बाटली खणात होती. आतलं घट्ट झालं की थर्मन त्यात थेंबभर पातळ करायचं औषध घालून हलवून ठेवायचा, आणि कशाला ठेवतो असं कुणी विचारलं तर म्हणायचा, खुणा करायला लागते. लेव्हॉनचा डावा डोळा मोतीबिंदूने धुरकट झाला होता. त्याला नेम दिसत नाही म्हणून त्या शनिवारी थर्मनने काडीच्या टोकाने, श्वास धरून, हा ठिपका दिला होता. वर फुंकर मारली होती. भेट द्यावी तसं पिस्तूल घेऊन गेला होता. "घे म्हाताऱ्या, आता आंधळ्यालाही दिसेल."

ते आठवलं आणि थर्मनने दोन्ही हात टेबलाखाली घेतले.

लेव्हॉन आला होता त्या मंगळवारी. आर्डेलाला, त्याच्या बायकोला, पुरून दीड-दोन महिने झाले असतील. मागच्या दाराने आला, कधी नव्हे तो. टोपी काढली नाही. कमरेवरून पिस्तूल काढून, रिकामं करून, याच टेबलावर ठेवलं.

"हे ठेव तुझ्याकडे. थोडे दिवस."

"का रे? अडकतंय?"

"अडकत नाही. घरात जड होतंय मला."

"जड? लेका, एवढंसं तर आहे. तुझी ती बायबलची प्रत याच्या चौपट आहे." आणि थर्मनने ते हातात घेऊन उघडलंसुद्धा होतं, बोलता बोलता, सवयीने. "हे बघ! किती घाण! घामाने गंजायला आलंय. कधीपासून उघडलं नाहीस?"

लेव्हॉन बघत राहिला. काही म्हणायला त्याने तोंड उघडलं होतं, हे थर्मनला आता दिसलं. तेव्हाही दिसलं असेल, पण अडखळणाऱ्या माणसाची वाट बघायची नसते, त्याला ओळ पुरवायची असते अशी थर्मनची समजूत. "साफ करून देतो," त्याने ओळ पुरवली. "नवंकोरं." आणि लेव्हॉन मान हलवून म्हणाला, "बरं. साफ कर." मग पाणी मागितलं. उभ्याउभ्या प्यायला. पेला धुऊन उपडा घातला, आणि जाताना दाराच्या चौकटीवर हात ठेवून थांबला, "घाई नाही हं, थर्मन."

घाई नाही. कुणी थर्मनला घाई नाही म्हटलं की त्याला चेवच यायचा. कारखान्यात यंत्र बंद पडलं की बायांची रोजी बुडायची. मग तो जेवण सोडून यंत्राखाली शिरायचा. अडलेली वस्तू घरात पडून राहिली तर त्याला झोप लागायची नाही. स्प्रिंग मऊ झाली होती, ती बदलली. गंज उतरवला. चाप फिरतो तिथली घाण काडीकाडीने काढली. पुढचा रविवार लेव्हॉनच्या पाळीचा, दारात रिकाम्या कमरेने कसा उभा राहील, म्हणून शनिवारी दुपारी तो स्वतः चालत गेला.

लेव्हॉनने दार उघडलं. थर्मनच्या हातातल्या पुडक्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं, दिवा गेलेल्या खोलीसारखं. तेव्हा थर्मनने त्याला आश्चर्य समजलं होतं, कौतुकसुद्धा.

"इतक्यात झालं?" लेव्हॉन म्हणाला.

"मग! कुणाकडे दिलं होतंस?"

आणि दुसऱ्या दिवशी तो गायला होता. देवा, काय गायला होता! ओळ टाकली ती अशी की पाठीमागच्या बाकांवरची पोरंही चूप झाली. रेव्हरंड पर्डींनी त्या दिवशी झुडपाखाली झोपलेल्या त्या थकलेल्या संदेष्ट्याची गोष्ट घेतली होती, जो देवाला म्हणाला की आता पुरे कर माझं. बोलता बोलता रेव्हरंड गाऊ लागले. देवदूताने त्याला रागावलं का? ऑर्गन म्हणाला, नाही. त्याला हिशेब विचारला का? नाही. देवदूताने त्याच्यापाशी ऊन ऊन भाकरी ठेवली, पाणी ठेवलं, आणि त्याला झोपू दिलं. आणि पुन्हा उठवून पुन्हा भाकरी दिली, कारण वाट लांबची होती. बाया उभ्या राहिल्या. थर्मन दारापाशी हात वर करून रडत होता आनंदाने. लेव्हॉन पलीकडच्या दारापाशी ताठ उभा होता, नव्या ठिपक्याचं पिस्तूल कोटाखाली घेऊन. थर्मनला वाटलं, सावरला गडी. सोमवारी सकाळी हॉइटचा फोन आला, आणि पलीकडून हॉइट नुसताच श्वास घेत राहिला तेव्हा थर्मनला वाटलं होतं की जाड्याचंच हृदय बंद पडतंय. पण गेला होता लेव्हॉन, आपल्याच हाताने.

कुणाला ठाऊक नव्हतं. मंगळवारपासून शनिवारपर्यंत ते या घरात होतं, याच टेबलाच्या खणात, हे थर्मनशिवाय कुणालाही ठाऊक नव्हतं. त्याने सांगितलं नाही. लपवलं असंही नाही. कुणी विचारलं नाही, आणि जीभ त्या बाजूला वळायची नाही. शॉनेट त्याला मिठी मारून रडली तेव्हा त्याच्या ओठांवर आलं होतं. तिचं डोकं त्याच्या हनुवटीखाली होतं. त्याने तिची पाठ थोपटली.

आता त्याने पिस्तुलाची नळी खिडकीकडे धरली. सवयीने. स्वच्छ नळीत उजेड पाण्यासारखा फिरतो. यात फिरला नाही. आत काजळी होती, थोडीशी, एकाच गोळीची. त्याने ब्रश उचलला आणि तो खाली ठेवला. बाकी सगळं होण्यासारखं होतं. हे त्याच्या हातून होणार नव्हतं.

उठून त्याने तोंड धुतलं. कमरेला त्याचं स्वतःचं पिस्तूल टोचत होतं. ते काढून, रिकामं करून, टॉवेलवर लेव्हॉनच्या पिस्तुलाशेजारी ठेवलं. एकाच दुकानातून घेतलेली दोन, एकाच दिवशी. दुकानदाराने विचारलं होतं, जुळे आहात का. थर्मनचा हात आपल्या पिस्तुलावरच राहिला. बराच वेळ. हे जड आहे, त्याला वाटलं. एवढंसं तर आहे. आणि त्याच वेळी, कुणी मागून खांद्यावर हात ठेवावा तशी, एक जुनी गंमत त्याला आठवली, आणि या वेळी त्यात हसण्यासारखं काही सापडेना.

मेव्हिस गेली तो उन्हाळा. तिला पुरून आले त्याच आठवड्यात लेव्हॉन आला होता. "तुझं पिस्तूल दे. मी साफ करून आणतो." थर्मनने दिलं होतं, त्या दिवसांत कुणी चपला मागितल्या असत्या तरी दिल्या असत्या. आणि लेव्हॉनने ते ठेवूनच घेतलं. आठवडा गेला, महिना गेला. "झालं का रे?" थर्मन विचारायचा. "अरे, ती स्प्रिंग बसत नाही." "आण इकडे, मी बसवतो." "छे, मला शिकायचंय." रोज संध्याकाळी यायचा मात्र. पिस्तूल न घेता. मक्याची भाकरी घेऊन यायचा, आर्डेलाने चांदीच्या कागदात गुंडाळलेली, आणि थर्मन खाईपर्यंत समोर बसून राहायचा. बोलता येत नाही म्हणून नुसता बसायचा. पानं गळायला लागली तेव्हा, एका रविवारी, थर्मन हॉइटच्या कुठल्याशा वात्रटपणावर मोठ्याने हसला. दुसऱ्या दिवशी लेव्हॉनने पिस्तूल आणून दिलं. उघडून बघतो तर तेलाचा थेंब नाही. कापूस होता तिथेच. मेव्हिस गेली त्या दिवसाचा घामसुद्धा त्यावर तसाच. सहा वर्षं थर्मन ही गोष्ट सांगत आला होता. "अख्खा उन्हाळा ठेवलं या आळशाने, आणि होतं तसं घाण परत!" लेव्हॉन मान खाली घालून हसायचा. त्याला पुरल्यावर जेवणाच्या वेळी, चर्चच्या तळघरात, लोकांची मनं हलकी व्हावीत म्हणून थर्मनने हीच गोष्ट पुन्हा सांगितली होती. सगळे हसले. शॉनेटही हसली. हॉइट तेवढा हसला नव्हता. ताटातल्या कोंबडीकडे बघत म्हणाला होता, "हं. घाण परत."

म्हणजे हॉइटला कळलं होतं. सगळ्या जगाला कळलं होतं बहुतेक. वस्तू बिघडली म्हणून दिली जात नाही, माणूस बिघडला म्हणून दिली जाते. आणि ज्याला हे स्वतःच्या अंगावर घडूनही कळलं नाही असा एकच शहाणा या गावात होता, आणि मरणाऱ्या माणसाने नेमकं त्याचंच दार ठोठावलं होतं. कारण एकदा आपण त्याच्यासाठी केलंय, तेव्हा तो ओळखेल, असं लेव्हॉनला वाटलं असणार. समजावून सांगायला लागू नये म्हणूनच तर तो इथे आला होता.

थर्मन टेबलावर डोकं ठेवून रडला. नाकात तेलाचा वास जात होता. तोच वास, ज्याला तो जन्मभर चांगुलपणाचा वास समजत आला होता. रडता रडता त्याने देवाला काही मागितलं नाही. मागायला तोंड कुठलं होतं? पण शॉनेटची कोपरापर्यंत घसरणारी घड्याळाची साखळी त्याला दिसत राहिली, आणि तिचे शब्द: साफ करून द्या, उद्या आणा. आणि त्याचे हात, गाढवाचे हात, टेबलाच्या कडेशी तेवढ्यातही ब्रश चाचपत होते.

सकाळी तो लवकर चर्चला गेला. हॉइट गाडीतून उतरत होता, एकेक पाय बाहेर काढत.

"काय म्हाताऱ्या, आज कोट ढिला दिसतोय. बारीक झालास की काय?"

थर्मनने त्याच्या हातात दोन पुडकी दिली. "एक लेव्हॉनचं. एक माझं. रिकामी आहेत. ठेव तुझ्याकडे."

"आणि मी काय तेल घालू होय यांना? माझ्या हाताने?" हॉइट हसायला लागला, मग त्याने थर्मनकडे नीट बघितलं आणि हसू अर्ध्यावर टाकून दिलं. पुडकी गाडीत ठेवून कुलूप लावलं.

"हात लावू नकोस," थर्मन म्हणाला. "घाणच राहू दे. आणि मी मागितलं तर..."

"स्प्रिंग बसत नाही म्हणून सांगेन," हॉइट म्हणाला. आपला जाडजूड हात त्याने थर्मनच्या मानेवर ठेवला आणि थोडा वेळ तिथेच राहू दिला.

शॉनेट पायऱ्या चढून आली ती काळ्या कपड्यांत, पर्स छातीशी धरून. थर्मन दारापाशी उभा होता. कमरेचा तो रिकामा भाग त्याला उघडा पडल्यासारखा वाटत होता.

"झालं, काका?"

"नाही, पोरी."

"तुम्हाला आणि एक रात्र पुरली नाही?"

"इतक्यात नाही व्हायचं ते," तो म्हणाला, आणि मग थांबला तर पुन्हा कधीच सांगता येणार नाही म्हणून एका दमात सगळं सांगितलं. "तुझ्या बाबाने ते माझ्याकडे ठेवायला दिलं होतं. मंगळवारी. थोडे दिवस ठेव म्हणाला. घाई नाही म्हणाला. मी साफ केलं आणि नेऊन दिलं. मी नेऊन दिलं त्याला, शॉनेट. शनिवारी."

मागून माणसं येत होती. कुणीतरी "देव भलं करो" म्हणत बाजूने गेलं. शॉनेट त्याच्याकडे बघत होती, आणि तिचा चेहरा हळूहळू तिच्या बापासारखा होत गेला, बोलायला येत नसतानाचा.

"शनिवारी," ती म्हणाली.

"हो."

"सोमवारच्या आधीच्या."

"हो."

त्याने क्षमा मागितली नाही. कोटाच्या आतून, जिथे एरवी दुसरं काही असायचं तिथून, चांदीच्या कागदातलं पुडकं काढून तिच्या हातावर ठेवलं. पहाटे उठून मक्याची भाकरी भाजली होती. मेव्हिसच्या लोखंडी तव्यात, एका बाजूने करपलेली. तिने वजन घेण्यासाठी हात घट्ट केला होता, आणि ते हलकं लागलं, ऊन लागलं, तेव्हा तो हात दचकला. तिने पुडक्याकडे पाहिलं. त्याच्याकडे पाहिलं नाही. आत गेली, आणि नेहमीच्या बाकावर न बसता पार भिंतीकडेच्या कोपऱ्यात जाऊन बसली, त्याच्याकडे पाठ करून.

घंटा झाली. प्रार्थना झाली. मग ती जागा आली जिथे लेव्हॉन पुढे जायचा. गेले कितीतरी रविवार तिथे कुणी जात नव्हतं. रेव्हरंड पर्डी डोळे मिटून थोडे थांबायचे आणि मग पुढचं सुरू करायचे. आजही ते थांबले. ऑर्गनवाल्याने हात मांडीवर ठेवले. इतकी माणसं, आणि पंख्यांची तेवढी घरघर. थर्मन दारापाशी उभा होता, कमरेकडे गेलेला हात तिथे काही न सापडून तसाच लोंबत होता, आणि नजर त्या कोपऱ्यातल्या खाली झुकलेल्या मानेवर होती. ती मान हलेना. मग, त्या शांततेत, भिंतीकडून चांदीचा कागद उलगडल्याचा बारीकसा आवाज आला.